हॅलोरनची घंटा

मार्लीनच्या स्वेटरवरचा डाग आणि माझ्या बुटांवरचा चिखल, दोन्हींचा रंग एकच आहे हे मला दिसलं आणि मी अशी काही किंचाळले की मार्लीनच्या हातातली बशी सुटली आणि फुटली.

"काय गं, अस्वल शिरलं का घरात?" ती म्हणाली. "बघ, आईची बशी होती ती!"

"मरू दे बशी! घंटा, मार्लीन, घंटा! आपण इतकी वर्षं चुकीच्या बाजूला शोधतोय!"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग दाराशी काढून ठेवलेल्या माझ्या बुटांकडे, मग खोक्यावर पडलेल्या आपल्या जुन्या लोकरीच्या स्वेटरकडे. आणि पुस्तकांच्या खोक्यावर ती मटकन बसली.

घरभर खोकी होती. रविवारी तिचा मुलगा येणार होता आणि तिला विनिपेगला घेऊन जाणार होता, कायमची. विनिपेग म्हणजे तव्यासारखं सपाट गाव. तिथे उंच म्हणून जे काही आहे ते माणसाने बांधलेलं. जिचं आख्खं आयुष्य सेलकर्कच्या या डोंगरांत, हिमनद्यांच्या सावलीत गेलं, ती बाई तिथे खिडकीतून काय बघणार, हा प्रश्न मी तिच्या मुलाला फोनवर विचारला होता. तो म्हणाला, "मावशी, तिचा गुडघा बघा ना." गुडघ्याचं खरं होतं. पण राग येतोच.

आता घंटेचं सांगते, नाहीतर कुणाला काही कळायचं नाही.

आमच्या खोऱ्यात एक रीत आहे. शिखरावर जो पोचेल त्याने आधीच्याची खूण खाली आणायची आणि आपली एखादी वस्तू तिथे दगडांखाली ठेवून यायची. आणलेली खूण गावातल्या फर्न नावाच्या बाईच्या खाणावळीत भिंतीवर टांगायची. प्रत्येक शिखराच्या नावाची एक पाटी आणि पाटीखाली खिळ्यांची रांग. तोंडाने काय, बियरचे दोन ग्लास पोटात गेले की कुणीही कुठेही चढतो. आमच्याकडे म्हणतात, खिळ्यावर आहे ते खरं.

माउंट हॅलोरनच्या पाटीखालचा पहिला खिळा रिकामा आहे. त्या शिखरावर पहिल्यांदा पोचला तो रेल्वेच्या हॉटेलने स्वित्झर्लंडहून आणलेला एक वाटाड्या. त्याने वर आपल्या गावच्या गाईच्या गळ्यातली पितळी घंटा ठेवली. त्यानंतर कित्येक वर्षं तिकडे कुणी फिरकलं नाही. मग गेलो आम्ही. मी आणि मार्लीन. त्याच हॉटेलात ती धुलाईखान्यात होती आणि मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. सुट्टी घेतली, दोर उधार आणला आणि उत्तरेच्या धारेवरून चढलो. ती धार तोवर कुणीही चढलं नव्हतं. वर पोचलो तेव्हा मी इतकी रडले की मार्लीनने मला थोबाडीत मारायची धमकी दिली. घंटा उचलली, तिच्या पिशवीत ठेवली, माझा लाल स्कार्फ दगडांखाली दाबला आणि उताराच्या सोप्या बाजूने खिंडीत उतरलो. तिथे धुकं आलं. हाताला हात दिसेना. खडक आणि बर्फ यांच्यामधल्या भेगेत मार्लीन कमरेपर्यंत गेली. मी दोर धरून मागे झोकून दिलं स्वतःला. ती बाहेर आली, पण तिच्या खांद्यावरची पिशवी गेली. घंटा आत वाजत वाजत खाली गेली. तो आवाज मला अजून येतो.

पुढच्या उन्हाळ्यात लॉर्न केटलसन त्याच धारेवरून चढला. वर घंटा नव्हती, आणि माझा स्कार्फही नव्हता. तिथल्या झुपकेदार शेपटीच्या उंदरांना लोकरीचं फार वेड, त्यांनी नेला असणार. लोखंडाचं काहीतरी ठेवायचं एवढी अक्कल आम्हाला नव्हती. लॉर्न खाली आला आणि म्हणाला, "वर काहीच नव्हतं. घंटा वाऱ्याने कधीच उडाली. आणि या पोरी धुक्यात कुठल्यातरी टेकाडावर जाऊन आल्या." खोटं बोलला नाही तो, त्याला खरंच काही दिसलं नव्हतं. पण झालं. चढाईच्या पुस्तकात धारेला नाव लागलं केटलसनची धार. भिंतीवर पहिला खिळा रिकामा आणि दुसऱ्यावर त्याच्या पट्ट्याचं बक्कल.

हिमनदी पोटात घेतलेलं ठेवून घेत नाही. वरचं बर्फ सरकत सरकत खाली येतं आणि एक दिवस तिच्या जिभेशी, जिथे ती वितळते तिथे, सगळं ओकून टाकतं. म्हणून ऑगस्ट संपता संपता आमचं गाव दरवर्षी हॅलोरन हिमनदीच्या जिभेशी जातं. बर्फ कुठवर मागे सरलं ते बघून दगडावर लाल रंगाची रेघ मारायची, हकलबेरी या रानफळांचा केक खायचा आणि बर्फाने काय काय दिलं ते शोधायचं. एकदा लाकडी स्की मिळाली, एकदा सार्डिनचा डबा. घंटा कधीच नाही. आणि दरवर्षी लॉर्न केकचा तुकडा तोंडात कोंबून विचारतो, "काय बायांनो, आली का घंटा?" दरवर्षी! आमचे केस पिकले, त्याचे गेले, पण हे वाक्य काही गेलं नाही.

आणि आता हे बूट. आदल्या दिवशी मी हकलबेरी वेचायला डोंगरापलीकडे गंज्या ओढ्याच्या खोऱ्यात गेले होते. तिकडचा खडक तांबडा, ओढा तांबडा, चिखल तांबडा. आमच्या बाजूचा चिखल राखेसारखा करडा. आणि मार्लीनच्या स्वेटरवर, भेगेत ती जिथवर गेली होती तिथवर, कमरेभोवती तांबडा डाग. कितीही धुतला तरी न गेलेला. मी म्हणायचे तो बर्फ फोडायच्या कुऱ्हाडीचा गंज. लॉर्न म्हणायचा टोमॅटोचं सूप.

"आपण खाली आलो आपल्या गावाच्या बाजूला," मार्लीन सावकाश म्हणाली, "म्हणून धरून चाललो की पिशवीही आपल्याच बाजूला पडली."

"आणि पडली खिंडीच्या पलीकडच्या अंगाला! अगं, ती खिंड म्हणजे घोड्याची पाठ. अर्धं बर्फ इकडे घसरतं, अर्धं तिकडे. धुक्यात कुठल्या अंगाला उभ्या होतो आपण, कुणाला कळत होतं?"

"काखेत कळसा," मार्लीन म्हणाली आणि स्वेटर उचलून हसायला लागली. हसता हसता एकदम थांबली. "सिग्ने, मला जायचंय तिकडे. रविवारच्या आत. रिकामा खिळा मागे ठेवून मला जायचं नाही."

"उद्याच जाऊ! माझी गाडी आहे, लाकूडवाल्यांच्या रस्त्याने वरपर्यंत जाते. पुढे चालायचं, तुझ्या गुडघ्याला विचारून."

"गुडघ्याला कोण विचारतं? पण आपण दोघीच जायचं नाही."

"मग कोण?"

"लॉर्न."

मी उरलेल्या बशांपैकी एक मुद्दाम फोडणार होते.

"डोकं फिरलंय तुझं? त्या माणसाबरोबर मी एका गाडीत बसण्यापेक्षा हे बूट उकडून खाईन!"

"ऐक ना. घंटा मिळाली आणि आपण दोघीच घेऊन आलो, तर तो काय म्हणेल? कुठल्या जुन्या बाजारातून उचलली? गाव काय म्हणेल? गावाचं सोड, तूच सांग, तू त्याच्या जागी असतीस तर विश्वास ठेवला असतास?"

हातातली बशी मी खाली ठेवली. मार्लीनचा हाच त्रास आहे. ती नको तेव्हा बरोबर असते.

फर्नच्या खाणावळीत लॉर्न नेहमीच्या टेबलावर वाटाण्याचं सूप पीत बसला होता. गळ्यात दोरीला त्याची मेख. धारेवर सगळ्यात अवघड जागी त्याने ठोकलेली आणि नंतर उपसून आणलेली लोखंडी मेख. अंघोळीला तरी काढतो की नाही देव जाणे. कुणी नवीन माणूस खाणावळीत शिरला की पाचव्या मिनिटाला ती मेख त्याच्या हातात असते.

"या, या," तो म्हणाला. "काय बायांनो, आली का घंटा?"

"यायला निघालीय," मार्लीन म्हणाली. "उद्या आणायला जातोय. गंज्या ओढ्याच्या बाजूने. तू पण चल."

तिने त्याला स्वेटरचं सांगितलं. लॉर्नने चमचा खाली ठेवला आणि असा हसला की काउंटरमागची फर्न वळून बघायला लागली.

"म्हणजे आता दुसरी हिमनदी! ती संपली की तिसरी! अगं मार्लीन, सेलकर्कमधल्या हिमनद्या संपतील, तुमची गोष्ट नाही संपायची."

"घाबरलास होय?" मी म्हणाले.

"कशाला?"

"चालायला. वय झालं म्हणावं. फर्न, याला अजून थोडं सूप दे गं, मऊ मऊ."

त्याचे कान लाल झाले. टकलावर लाली चढते तेव्हा ती लपत नाही, हे मला फार आवडतं.

"किती वाजता निघायचं?" तो म्हणाला. "मी येतो. तुमच्या तोंडावर हसायला येतो."

"उजाडताना," मार्लीन म्हणाली. "आणि लॉर्न, डोळे नीट धुऊन ये. शोधायचं तुलाच आहे."

सकाळी गाडीत तिघं पुढच्या एकाच बाकावर. मार्लीन मध्ये, अंगात तोच डागाळलेला स्वेटर. रस्ता असा की दात वाजत होते. रस्ता संपला तिथे दोन-चार गाड्या उभ्या होत्या आणि शहरातून आलेली चारपाच मंडळी अस्वलं लांब राहावीत म्हणून पिशव्यांना छोट्या घंट्या बांधत होती. लॉर्न त्यांच्याजवळ जाऊन अगदी गंभीरपणे म्हणाला, "छान केलंत. अस्वलांना जेवणाची वेळ कळते." त्यातली एक बाई घंटी सोडायला लागली. मार्लीनने त्याला कोपराने ढोसलं, पण तीही हसत होती.

काय सकाळ होती ती! वर हॅलोरन उघडा, आकाश धुतल्यासारखं, आणि ओढा गाजरासारखा तांबडा धावत होता. त्याच्याकडे पाहिलं की मला पळावंसं वाटत होतं. मी मघाशी म्हणाले ना, मार्लीनच्या गुडघ्याला विचारून चालायचं? गुडघ्याने काय उत्तर दिलं कोण जाणे, बाई माझ्याही पुढे. दोन काठ्या टेकत, दगडावरून दगडावर. लॉर्न सगळ्यात मागे, धापा टाकत, आणि धाप लागली की लपवायला फुलांचं कौतुक करत.

"लॉर्न, हे निळं फूल कुठलं?" मी मुद्दाम विचारायचे.

"तू... चाल... पुढे," तो म्हणायचा.

झाडं संपली. पुढे हिमनदीने पूर्वी कधीतरी ढकलून आणलेल्या दगडांचा मोठा बांध, घराएवढे धोंडे एकमेकांवर टेकलेले. मार्मोट, म्हणजे दगडांत राहणाऱ्या गुबगुबीत खारी, शिट्ट्या मारत होते. बांधाच्या माथ्यावर आम्ही पोचलो आणि समोर ती. पलीकडची हिमनदी. वर पांढरी, मधे निळ्या भेगांनी चिरलेली, आणि खाली जीभ तांबड्या मातीने माखलेली. जिभेखालून ओढा असा गर्जत बाहेर पडत होता की एकमेकांच्या कानात ओरडावं लागत होतं.

"हाच रंग!" मार्लीनने स्वेटरचं टोक धरून माझ्या नाकासमोर नाचवलं. "सिग्ने, हाच!"

मी तिला मिठी मारली. तिथल्या तिथे नाचलोही थोड्या, गुडघा आणि सगळं घेऊन. लॉर्न बघत उभा राहिला. म्हणाला, "चिखल मिळाला. अभिनंदन. आता घंटा?"

मग शोधणं सुरू झालं. मी डाव्या अंगाला, मार्लीन मधल्या रेताडात, आणि लॉर्न दगडांवरून ओढा ओलांडून उजव्या अंगाला, अगदी बर्फाच्या कडेपाशी. मी प्रत्येक धोंड्याखाली काठी घातली, वाळू उकरली. काय मिळालं? काही नाही. एक गंजका डबा आणि कुठल्यातरी बकरीचं शिंग. ऊन चढलं. आम्ही सॉसेज आणि चीज खाल्लं, थर्मासमधली कॉफी प्यायली आणि पुन्हा लागलो. मार्लीनचा गुडघा आता बोलायला लागला होता. ती एका सपाट दगडावर बसली आणि पायांशी काठीने माती कोरत राहिली. तिचा चेहरा बघून मी आणखी जोरात वाळू उकरायला लागले. रविवार परवावर आला होता.

"सिग्ने!"

तिच्या काठीच्या टोकाला काहीतरी लोंबत होतं. हिरवं. जाड कापडाची पट्टी, आणि तिला चामड्याचा तुकडा. मी तिच्यापर्यंत कशी पोचले मला माहीत नाही, दोनदा आपटले.

"माझी पिशवी," ती म्हणाली. "हे चामडं मी शिवलं होतं. बघ, टाके बघ. माझेच वाकडे टाके!"

मी पट्टी हातात धरून हवेत नाचवली आणि ओढ्यापलीकडे ओरडले. लॉर्नने हात हलवून काहीतरी म्हटलं. ऐकू आलं नाही, पण तोंडाच्या ठेवणीवरून कळलं, "चिंधी! कुणाचीही असेल!" अस्सा राग आला ना!

तेवढ्यात बर्फाचा एक अख्खा कडा कोसळला.

आधी भेग फुटल्याचा आवाज, मग आमच्या पायांखालची जमीन हादरली, मग लॉर्न होता तिथे सगळं पांढरं. ओढा एकदम वर आला, बर्फाचे तुकडे घेऊन, आणि त्याने ओलांडलेले दगड पाण्याखाली गेले. मार्लीन उभी राहिली, गुडघा विसरून. "लॉर्न! लॉर्न!" आम्ही दोघी बोंबलत होतो. पन्नास वर्षं ज्या माणसाला शिव्या घातल्या त्याच्या नावाने मी इतकी ओरडले की घसा बसला.

तुषार खाली बसले. तो उभा होता. बराच बाजूला, एका धोंड्याच्या आडोशाला, टोपी उडालेली, टक्कल उन्हात चमकत. त्याने हात वर केला. मार्लीन पुन्हा दगडावर बसली आणि म्हणाली, "मेल्याने जीव घेतला माझा."

मग तो नव्याने फुटलेल्या बर्फाच्या तोंडाशी गेला. मी पिशवीतून दुर्बीण काढून डोळ्यांना लावली. तो वाकला. हाताने माती उकरली. काहीतरी उचललं आणि ओढ्याच्या कडेला बसून पाण्यात खंगाळलं. पुन्हा उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून.

"काय आहे?" मार्लीनने विचारलं.

"काहीतरी मिळालंय त्याला."

"दाखवतोय?"

तो दाखवत नव्हता. ओरडत नव्हता. नुसता उभा होता, हातातल्या वस्तूकडे मान घालून. समोर फेसाळणारा ओढा, एवढ्या पाण्यात एक वस्तू टाकली तर कोण बघणार? मला कळत होतं त्याच्या हातात काय आहे. आणि हेही कळत होतं की ती खिळ्यावर गेली तर पुस्तकातलं त्याचं नाव, ती धार, त्या मेखेच्या गोष्टी, सगळं कशावर उभं राहणार? त्या माणसाकडे दुसरं होतं तरी काय? बायको गेलेली, मुलं नाहीत. एक धार होती.

मग त्याने ती वस्तू जाकिटात घातली.

"चोर!" मी ओरडले. "मार्लीन, खिशात घातली त्याने! मी सांगत होते! तूच म्हणालीस, त्याला घेऊ, त्याला घेऊ!"

मी ओढ्याकडे धावले. पाण्यात शिरणारच होते, खरंच शिरणार होते, काय वाट्टेल ते होवो. मार्लीन मागून काहीतरी हाका मारत होती. पलीकडे लॉर्न गुडघ्यांवर बसला होता, पाठ अजून आमच्याकडेच. खांदे हलत होते. एका दगडाने तो कशावर तरी ठोकत होता. मोडतोय! मी एक पाय पाण्यात घातला. इतकं थंड की हाडात सुरी गेली.

टण.

मी थांबले.

टण. टण. टण टण टण.

ओढ्याची सगळी गर्जना चिरून तो आवाज आला. तोच. भेगेतून खाली खाली गेला होता तोच आवाज, आता वर वर येत होता. लॉर्न धोंड्यावर चढून उभा होता, हात उंच, हातात पितळेची घंटा, आणि वेड्यासारखा वाजवत होता. त्याच्या गळ्यात दोरी नव्हती.

मी वळून पाहिलं. मार्लीनने दोन्ही हात तोंडावर धरले होते.

पाणी उतरायची वाट बघावी लागली. लॉर्न ओढा ओलांडून आला तेव्हा मी त्याच्यावर तुटून पडणार होते, पण त्याने आधी मार्लीनला गाठलं. जाकीट ओलं, नाक लाल. त्याने घंटा तिच्या मांडीवर ठेवली.

"घंटेची आतली जीभ गळून पडली होती," तो म्हणाला. "नुसती थोटी घंटा. ओरडून तुम्हाला ऐकू आलं नसतं, म्हणून बसवली एक. आधी जरा जाकिटात सुकवली, दोरी ओल्या पितळेवरून घसरत होती."

मी वाकून घंटेच्या आत पाहिलं. आत, दोरीने बांधलेली, ठोकून वाकवलेली, लोखंडी मेख लोंबत होती.

"लॉर्न," मी म्हणाले. "ही तुझी..."

"हो. कळतं मला. आंधळा नाही मी." मग घंटेकडे बघत, "म्हणजे होतो. त्या वर्षी. वर गेलो तेव्हा दगड उचलून नीट बघितलंच नाही मी. इतका खूश होतो."

मार्लीनने घंटा उचलून छातीशी धरली.  तिच्या स्वेटरवर आणखी तांबडा चिखल लागला. मी लॉर्नच्या पाठीत गुद्दा घातला, जोरात, कारण दुसरं काही सुचेना.

"चोर म्हणालीस ना मला?" तो म्हणाला. "तोंड दिसत होतं तुझं."

"म्हणाले. मग काय करशील?"

"काही नाही. कॉफी उरलीय का?"

उतरताना मार्लीन म्हणाली, घंटा लॉर्ननेच धरायची, तिला दोन काठ्यांमुळे हात नाही. आणि हा माणूस ती पिशवीत ठेवेल तर शपथ! सबंध वाटभर वाजवत. मार्मोट बिळात गेले. सकाळची ती शहरातली मंडळी वाटेत भेटली, त्यांच्यातली ती बाई म्हणाली, "मघाशी तुम्हीच आम्हाला हसलात ना?" लॉर्न म्हणाला, "ही अस्वलांसाठी नाही हो. माणसांसाठी आहे."

झाडीत शिरता शिरता वरून दोन तरुण गिर्यारोहक धावत खाली आले, एक मुलगा आणि एक मुलगी, दोर गळ्यात, ओठ उन्हाने फुटलेले, चेहऱ्यांवर असा आनंद की मला आमचेच चेहरे आठवले. आवरतच नव्हता त्यांना त्यांचा आनंद.

"आम्ही हॅलोरन केला!" मुलगी म्हणाली. कुणी विचारलंही नव्हतं. "उत्तरेकडून! केटलसनच्या धारेवरून! आणि ही घंटा कसली?"

मी लॉर्नकडे पाहिलं. मार्लीननेही. त्याने वाजवणं थांबवलं.

"ही त्याच शिखरावरची," तो म्हणाला. "या दोघींनी आणली. धार पहिल्यांदा चढल्या तेव्हा. नाव तेवढं चुकीचं लागलंय."

मुलगा गोंधळला. पिशवीत हात घालून त्याने पुस्तक चाचपलं. "पण पुस्तकात तर लिहिलंय, पहिला लॉर्न केटलसन..."

"पुस्तक चुकलंय, पोरा."

"तुम्हाला कसं माहीत?"

लॉर्नने घंटा मार्लीनच्या हातात दिली. तिची एक काठी आपल्या बगलेत घेतली आणि आपला दंड तिच्यापुढे केला, धरायला.

"दुसरा आलो तो मीच ना," तो म्हणाला.